एकशे चार ग्रॅम

अल कुआच्या पुढे डांबर संपतं.
तिथून आमचं कुंपण, अकरा किलोमीटर,
आणि कुंपणाच्या आत पत्र्याचा दवाखाना :
स्टीलचं टेबल, तराजू, एक एसी
जो ऑगस्टात नुसता आवाज करतो.

आज टेबलावर रीम आहे. मादी.
कानात पिवळा बिल्ला, तीनशे सतरा.
पाठ वाळूची, पोट मात्र
नीळ घातलेल्या धोतरासारखं पांढरं.
डॉक्टर इल्हाम सांगतात, मी वहीत लिहितो.
यकृत : असायला हवं त्याच्या निम्मं.
हृदय : एकशे चार ग्रॅम.

आजारी होती का, मी विचारलं.
नाही, म्हणाल्या. दोन वर्षं पाऊस नाही.
पाणी वाचवायचं तर श्वास कमी घ्यावा लागतो,
आणि श्वास कमी करायचा तर
आतले खर्चिक अवयव बारीक करावे लागतात.
पाऊस झाला, चारा आला, की पुन्हा भरतात.
किराण्याची यादी वाचावी तसं बोलल्या
आणि हातमोजे काढले.

मेली ती दुष्काळानं नाही.
रात्री कशाला तरी बिचकली,
कुंपणावर आदळली. मान.

मी नान्नजचा. आमच्या माळावर काळवीट.
आमच्याकडे सरसकट सगळ्यांनाच हरीण म्हणतात,
इथे येऊन शिकलो :
चितळाचं शिंग हाडाचं, दरसाल गळतं, दरसाल उगवतं,
काळविटाचं आणि हिच्या नराचं जन्माला पुरतं,
मोडलं तर मोडलं.
ही माहिती गावी कुणाला सांगावी
असं अजून कुणी भेटलेलं नाही.

मुसल्लम कुंपणाची गस्त घालतो.
त्याचा बाप उंटावरून माग काढायचा,
दोन दिवस चालून एक रीम,
मांस साऱ्या तळाला, कातड्याची पखाल.
मग पिकअप आल्या. हेडलाइटच्या उजेडात
कळप जागच्या जागी थिजायचा.
सकाळी मोजणी, मागची फळी पाडून.
"मग एक साल असं आलं," मुसल्लम म्हणतो,
"की मोजायला काही नव्हतं.
त्यानंतर तुम्ही आलात, मोजणारे."
हसतो. त्याला पुढचे दोन दात नाहीत.
त्या पिकअपमध्ये तो होता की नव्हता
हे मी विचारलेलं नाही.

माझं खरं काम लेंड्या गोळा करण्याचं.
कागदी पिशवी, तारीख, जागा.
भिजवल्या की त्यातून गाफच्या बिया निघतात.
झाडाखाली नुसत्या पडलेल्या बिया
आमच्या कुंड्यांत महिनोन् महिने झोपून राहतात,
हिच्या पोटातून आलेल्या चार दिवसांत डोकं काढतात.
गाफ म्हणजे आपली शमी,
हे कळायला मला चार वर्षं लागली.
पानं ओळखीची वाटायची, एवढंच.
पांडवांनी जिच्यावर शस्त्रं ठेवली ती शमी.
इथल्या शमीवर कुणी बंदुका ठेवल्या नाहीत,
तिच्या सावलीत गाड्या उभ्या करून चहा मात्र प्याले.

गेल्या आठवड्यात व्हिसाचं मेडिकल झालं.
छातीचा एक्स-रे.
पोऱ्या म्हणाला, श्वास धरा. धरला.
सोडा, म्हणायला तो विसरला,
मीही तसाच उभा राहिलो, सवयीनं.
नॉर्मल, म्हणाला. पुढचा.

संध्याकाळी शेर अफजलनं खड्डा खणला.
वाळूच ती. खणू तितकी आत घसरते.
कळप लांब उभा होता, पश्चिमेकडे पाठ करून,
दोन पाडसं एकाच आईला लुचत.
रीमला बऱ्याचदा जुळं होतं,
तेही दुष्काळात कमी, पण होतं.

तीनशे सतराचं जठर धुताना
नऊ बिया सापडल्या, अख्ख्या.
वहीत त्यांच्यासाठी रकाना नव्हता.
खिशात टाकल्या.
रात्री कपडे धुवायला काढले
तेव्हा आठच निघाल्या.